पाणी हिरवं होईपर्यंत

८ जानेवारी

वन्सं,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला टाकलं असेल, तर चहा पिऊन झाल्यावर का होईना पण उघडा. जुनं काही उकरून काढत नाही. कामाचं पत्र आहे. फोन करायचा नाही असं तुम्ही तेव्हा बजावलं होतं, म्हणून लिहितेय.

मागच्या अंगणात आम्ही तळं काढलंय. दोन मजुरांनी चार दिवसांत खणलं. ह्यांचं अख्खं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलं, म्हणतात, "जन्मभर पाणी नळातून पळतानाच बघितलं, आता जरा बसलेलं बघू दे." तर पाणी आता बसलंय आणि त्यात मासे कुठले सोडायचे ते आम्हाला दोघांनाही कळत नाही. बाजारात रंगीत माशांचं एक दुकान आहे. तिथून आणते म्हटलं, तर म्हणाले, "घरातलं माणूस त्यातलं तज्ज्ञ असताना दुकानदाराला कशाला विचारायचं?" घरातलं, असं म्हणाले. मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलंय.

ह्यांच्या अटी अशा: मासे दिसले पाहिजेत. हे मागच्या दारात खुर्ची टाकून बसतात, तिथून दिसले पाहिजेत. लाल असले तर उत्तम. फार निगा लागायला नको, कारण माझं शिलाईचं मशीन दिवसभर चालू असतं आणि ब्लाऊज मागणाऱ्या बायका कोणासाठी थांबत नाहीत. आणि लवकर हवेत.

ह्यांचा हात दुखतो, म्हणून पत्र मी लिहितेय.

तुमची वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

पाकीट बाजूला टाकलं नव्हतं. ते मत्स्यबीज केंद्राच्या पत्त्यावर आलं आणि केंद्रात आलेलं प्रत्येक पत्र मला उघडावंच लागतं. मत्स्यबीज नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सल्ला लेखी देतो, तसा तुम्हालाही देते.

कुठले मासे, हा शेवटचा प्रश्न. आधी तळं. लांबी, रुंदी, खोली मोजून कळवा. नुसतं "बरंच खोल" असं नको. ऊन किती तास पडतं? तळ मातीचा की खाली प्लास्टिकचा कागद घातलाय? झाडाचा पाला पाण्यात पडतो का? पाणी नळाचं असेल तर त्यात औषध असतं आणि त्याने मासे मरतात. हे दादाला माहीत असावं अशी अपेक्षा आहे.

तळं नीट असेल तर तीन जाती घ्या. वरच्या पाण्यात चंदेरा, तळाशी सायप्रिनस, आणि कडेचं गवत खायला गवत्या. तिघांचं खाणं वेगळं, जागा वेगळी, कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. कोणी फुकट दिला तरी मरळ घेऊ नका, तो बाकीच्यांना खाऊन एकटाच उरतो. लाल मासे आमच्याकडे नसतात. ते दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत बरे. खुर्चीतून जो मासा तुम्हाला दिसेल तो बगळ्यालाही दिसेल.

"लवकर हवेत" हे वाचून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. दादाला सगळं लवकर लागतं, निरोप तेवढा उशिरा धाडतो. बाबा आजारी पडल्याचं मला वेळेवर कळवलं असतं तर त्यांचं तोंड मला दिसलं असतं. उशीर आपल्याकडून झाला हे त्याने स्वतः चारचौघांत कबूल केलंय, म्हणून पुन्हा सांगायला मला संकोच वाटत नाही.

हात दुखतो म्हणजे किती दुखतो? एक ओळ लिहिण्याइतकाही चालत नाही का?


२१ जानेवारी

वन्सं,

माझ्या कापडाच्या टेपने मोजलं, म्हणजे इंचाचीही चूक नाही. लांबी तीस फूट, रुंदी वीस, खोली मधोमध साडेचार. तळ चिकणमातीचा. ऊन सकाळपासून चारपर्यंत. झाड एकच आहे, ते कुंपणापलीकडे, औषधांच्या दुकानवाल्यांचं, आणि त्याचा पाला त्यांच्याच अंगणात पडतो, त्यावरून त्यांचं घरात रोज वाजतं.

नळाच्या औषधाचं वाचून दाखवलं तर हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, "तीस वर्षं ते औषध मीच टाकत होतो, हिला सांग." पाणी दहा दिवस उघडं ठेवलं होतं, आता काही वास नाही.

तिन्ही जाती पसंत आहेत. पण लालचा हट्ट काही सुटत नाही. चंदेरा पाण्यात दिसेल का, असं विचारताहेत. ह्यांना पाठीचा त्रास आहे, उठून काठापर्यंत जाणं होत नाही. खुर्चीतून जे दिसेल तेच.

वन्सं, लग्न होऊन आल्यापासून मी तुमच्याकडे काही मागितल्याचं आठवतं का? आता मागते. दोन आठवड्यांत मासे मिळतील असं बघा. आणि शक्य असेल तर माणसाबरोबर पाठवू नका, तुम्हीच घेऊन या. हे मी माझ्या मनाने लिहितेय. ह्यांना कळलं तर रागावतील.

वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

मापं ठीक आहेत. इतकं नीटनेटकं उत्तर आमच्याकडे शेतकीची पदवी घेतलेले लोकही देत नाहीत.

दोन आठवड्यांत काही होत नाही. नुसतं पाणी म्हणजे तळं नव्हे. आधी दीड किलो चुना पाण्यात कालवून सगळीकडे शिंपडा. हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा. मग थांबा. मग दोन पाट्या कुजलेलं शेणखत कडेकडेने टाका. मग पुन्हा थांबा. हळूहळू पाणी हिरवं होतं, आणि ते हिरवं म्हणजेच माशांचं अन्न. कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा, तळवा दिसेनासा झाला की समजायचं पाणी तयार. या सगळ्याला सात आठवडे लागतात. चुना टाकाल त्या दिवसापासून मोजा. त्याआधी मासे सोडलेत तर उपाशी मरतील आणि वर बोल मला लागेल.

पाठीचा त्रास दादाला शाळेपासून आहे. अंगणातलं लाकूड आत आणायची वेळ आली की सुरू व्हायचा. माझी पाठ बरी होती, म्हणून लाकूड मी आणायचे. तेव्हा पाठीचं मला सांगू नका.

माझ्या येण्याचं म्हणाल तर इथे पुढच्या हंगामाची तयारी चालू आहे. जमेल असं वाटत नाही. त्याने स्वतः विचारलं तर बघू.


१५ फेब्रुवारी

वन्सं,

चुना एक तारखेला टाकला. फडकं बांधून मी अंगणात फिरत होते आणि हे खुर्चीतून हुकूम सोडत होते, "डावीकडे राहिलं, तो कोपरा राहिला." त्या दिवशी आवाज छान लागला होता. शेणखत आठ तारखेला टाकलं. गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून येतात आणि मापं घाईघाईने देऊन जातात. माझं काम उलट लवकर उरकतं.

रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी आमचं हे असं चालतं.

"आज कितवा?"

"पंधरावा."

"म्हणजे चौतीस राहिले."

"हो."

"शिस्तीची आहे माझी बहीण. जा, हात घालून बघ."

मी जाते, बाही वर करून हात घालते, आणि सांगते की तळवा अजून दिसतोय. मग ते मान डोलावतात आणि डोळे मिटतात. कालपासून मात्र पाणी हिरवट दिसायला लागलंय. तळवा दिसतो, पण रेषा दिसत नाहीत.

तुम्ही सांगितलंत ते सगळं तंतोतंत केलंय. पण सगळे नकोत, चार-पाचच मासे आधी नाही का सोडता येणार? मेले तर मेले. बोल मी लावून घेईन, तुमचं नाव काढणार नाही. लाकडाचं वाचून दाखवलं नाही मी. ते तेवढं गाळून वाचलं.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

चार-पाच मासे आधी सोडा, मेले तर मेले, असं इथे येऊन कोणी म्हटलं तर मी त्याला मत्स्यबीज देत नाही. तुम्हालाही नाही देणार. दिवस मोजायला घेतलेच आहेत तर पुरे मोजा.

माझं बोलणं गाळून वाचायची गरज नव्हती. त्याला ते कळायला हवं. दादाचं सगळं दुसऱ्याच्या हातून चालतं. चुना तुम्ही टाकायचा, पत्र तुम्ही लिहायचं, विनवण्या तुम्ही करायच्या, आणि हे महाराज खुर्चीत. मी नऊ वर्षांत त्याच्याकडून एका ओळीची वाट बघितली. "ये" एवढं लिहायला किती शाई लागते? एक अक्षर आहे.

त्याने ते लिहिलं तर मी बावीस मार्चला मासे घेऊन येते. नाही लिहिलं तर गाडीवाल्याबरोबर पाठवते. सांगा त्याला.


१ मार्च

वन्सं,

आज कोपरापर्यंत हात घातला, तळवा दिसला नाही. पाणी तयार आहे. एकोणतिसावा दिवस आहे, एकोणपन्नासावा नाही, मला माहीत आहे. पण पाणी तयार आहे, मी शपथेवर सांगते.

तुमचं पत्र ह्यांना पूर्ण वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता, कारण तुम्हीच तसं सांगितलंत. ऐकून म्हणाले, "बरोबर आहे तिचं." मग म्हणाले, "बावीसला किती दिवस?"

मला तुम्हाला एक गोष्ट लिहायची आहे, पण मी शब्द दिलाय. त्या शब्दाने माझा जीव चाललाय. तुम्ही या. मासे असोत नसोत, या. पत्र मिळताच निघा.


९ मार्च

वहिनी,

तुमचा निरोप वाचला. शपथ घेतल्याने तळं लवकर पिकत नाही.

तरी दादा "बरोबर आहे तिचं" म्हणाला, हे वाचून मला कसंसंच झालं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच म्हणाला असेल. तेव्हा ओळीचा आग्रह सोडते. बावीसला मी स्वतः येते. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून माशांच्या पन्नास बोटुकल्या आणेन, नेहमीसारख्या बोटभर नाहीत, चांगल्या वीतभर झालेल्या, म्हणजे दिसतील. पिशव्या तशाच बंद अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायच्या, मग तोंड उघडायचं. मासे आपले आपण बाहेर येतात, ते बघण्यासारखं असतं. दादाची खुर्ची त्या दिवशी काठाशी आणून ठेवा, उचलून आणावी लागली तरी चालेल.

त्याला माझ्याशी काय बोलायचं याची तयारी करू नकोस म्हणावं. मीही करणार नाही.


१९ मार्च

वन्सं,

मासे आणू नका.

हे सहा मार्चला सकाळी गेले. चौतिसावा दिवस होता. तुमचं पत्र चौदाला आलं. हे उत्तर लिहायला पाच दिवस लागले, कारण आधीची चार फाडली.

पाठीचा त्रास म्हणजे काय ते आता सांगते, दिलेला शब्द हे असेपर्यंतचा होता. पाठीच्या मणक्यात गाठ होती. डिसेंबरपासून उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, पेन धरणं सोडाच, पाण्याचा पेला मी धरायची. तुम्ही मागितलेली ओळ लिहायचा त्यांनी प्रयत्न केला. मी पाटी मांडीवर धरली, हाताला हात लावला, तर म्हणाले, "असं नको, तिला तुझं अक्षर कळेल."

तुम्हाला का नाही कळवलं, ते ऐका. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, वन्संना कळवू. म्हणाले, "नको. बाबांच्या वेळी मी केंद्रात फोन केला होता. म्हटलं, बाबा तुझं नाव घेतायत, आजच निघ. ती म्हणाली, हंगाम आहे, चार दिवसांनी येते. बाबा दुसऱ्या दिवशी गेले. आता माझ्यासाठी निरोप पाठवला आणि ती पुन्हा हंगाम म्हणाली, तर मला ते सोसणार नाही."

मी पंचवीस वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला आणि हे मला जानेवारीत कळलं. तोवर मीही समजत होते की उशीर ह्यांनी केला. तुम्ही सगळ्या नातेवाइकांत तसं सांगितलंत, आणि हे मान खाली घालून हो म्हणाले. का, असं विचारलं तर म्हणाले, "ती एकटी राहते, लोक तिला बोलले असते. मला काय, मला तू आहेस."

तळ्याची कल्पना त्यांचीच. "माझ्यासाठी येणार नाही, माशांसाठी येईल," म्हणाले. म्हणून अंगण खणलं. म्हणून दुकानातले मासे चालेनात.

सहाला तुम्हाला फोन करता आला असता. केंद्राचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे. मी मुद्दाम केला नाही. निरोप उशिरा आला असं तुम्ही नऊ वर्षं सांगत होतात, आता ते एकदाचं खरं झालं.


२६ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र एकवीसला मिळालं. पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या. मी त्या हौदात परत ओतल्या आणि कामावर गेले. त्या दिवशी मी काय काम केलं ते आठवत नाही.

फोन आला होता, हे खरं आहे. दादाचा आवाज मला शब्दाशब्दाने आठवतो. मला खरंच वाटलं होतं की चार दिवस निघतील. बाबा गेल्यावर सगळे विचारायला लागले, तेव्हा तोंडातून निघून गेलं की मला उशिरा कळलं. दादा तिथेच उभा होता. तो मला खोटी पाडेल असं वाटलं, आणि तो म्हणाला, "हो, माझ्याकडून उशीर झाला." त्याने भांडण केलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यात पडून रडले असते. त्याने मला सांभाळून घेतलं, म्हणून मला त्याच्याकडे बघता येईना. मग मीच त्याच्यावर रागावले. राग धरणं सोपं गेलं.

आणखी एक आहे. ते सांगितलं नाही तर मला जगता येणार नाही.

चुना टाकल्यापासून वीस दिवसांत तळं तयार होतं. सात आठवडे कोणीच थांबत नाही, मी कोणाला सांगतही नाही. त्याने मला विचारावं, हात टेकावे, म्हणून मी सात सांगितले. तुमचे चार-पाच मासे मी नाकारले त्या दिवशी तुमचं पाणी तयार होऊन एक दिवस उलटला होता. हंगामाचीही तयारी नव्हती. आमचा हंगाम पावसाळ्यात असतो, फेब्रुवारीत मी रिकामी बसलेली असते. लाल मासेसुद्धा आहेत, मागच्या शेडमध्ये टाकीभर आहेत, शाळांना देतो आम्ही. मी तेव्हाच निघाले असते तर दादाला दोन आठवडे मिळाले असते, माशांचे आणि माझेही.

शिक्षा द्यायची तर तुम्ही द्या. एकदा येऊन त्या खुर्चीशी बसू द्या. येऊ का?


११ एप्रिल

वन्सं,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

येऊ नका.

तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की महिना, फार तर पाच आठवडे. हे दोन महिने जगले. डॉक्टर दर खेपेला कागद बघायचे आणि परत ह्यांच्याकडे बघायचे. शेवटी त्यांनी मला विचारलं, तुम्ही दुसरं काही औषध देता का? मी म्हटलं, औषध नाही, आमच्या वन्संनी सात आठवडे सांगितलेत, ते मोजताहेत. मी हे सगळ्यांना सांगत होते. हे गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येक माणसाला सांगितलं की पाणी हिरवं व्हायला सात आठवडे लागतात, म्हणून माझ्या माणसाने चार आठवडे जास्त ओढले. तुमच्यावर एवढा राग होता, तरी हे एक मी तुमचं मानत होते. दुपारी मशीन थांबवून बसले की हेच मनाशी म्हणायचे आणि तेवढ्यावर संध्याकाळ निघायची.

आता तुम्ही लिहिता की नियम तसा नव्हताच. म्हणजे रोज सकाळी हे जे मोजत होते, तो तुमचा राग होता. मी बाही वर करून हात घालत होते, तेही त्यातच. आता "आज कितवा" आठवलं की मला ह्यांचा चेहरा दिसत नाही. दुसरंच काहीतरी दिसतं.

लिहून तुम्हाला बरं वाटलं असेल. माझ्याकडे हे सांगायला घरात कोणी नाही.

हे तुम्ही स्वतःजवळ ठेवायला हवं होतं. ह्यांनी तुमचं नऊ वर्षं ठेवलं होतं.